मुक्कामाचा मुलूख : उल्हासच्या खोऱ्यातील वाटा, तळ आणि प्रेक्षणीय स्थळे

चाकांवरचे घर घेऊन ओसाड मुलखातून हिंडायचे आणि वाटेत भेटतील ती विलक्षण, विक्षिप्त ठिकाणे पाहत पुढे जायचे, ही प्रवासाची रीत विसाव्या शतकातील अमेरिकेने रूढ केली असे सामान्यतः मानले जाते. निजण्याची, स्वयंपाकाची आणि स्नानाची सोय असलेले जे मोटारवाहन तिकडे ‘आरव्ही’ या नावाने ओळखले जाते आणि आपल्या सरकारी कागदपत्रांत ‘कॅरव्हॅन’ म्हणून नोंदले जाते, ते या रीतीचे मुख्य साधन होय. मात्र बिऱ्हाड बरोबर घेऊन निघणे, सोयीच्या जागी तळ टाकणे आणि तळाच्या आसपास पाहण्यासारखे काय आहे याची चौकशी करणे या गोष्टी मोटारीपेक्षा पुष्कळच जुन्या आहेत. कल्याणच्या आग्नेयेस एकमेकांना लागून असलेल्या उल्हासनगर, अंबरनाथ आणि बदलापूर या तीन शहरांचा इतिहास या अंगाने तपासला, तर येथे प्रत्येक काळातील वाहनाने आपापली प्रेक्षणीय स्थळे ठरवली आणि वाहन जेथे थांबले नाही तेथे शेकडो वर्षांचे देऊळही बाहेरच्या जगाला दिसले नाही, असे आढळून येते.

या खोऱ्याचे स्थानच मुळात वाटेवरचे आहे. सह्याद्रीत बोरघाटाच्या परिसरात उगम पावणारी उल्हास नदी कर्जत, नेरळ, वांगणी आणि बदलापूर यांच्या बाजूने उत्तरेकडे वाहत कल्याणपाशी खाडीला मिळते, तर काकोळे गावाकडील डोंगरांत उगम पावणारी वालधुनी ही छोटी नदी अंबरनाथचे देऊळ आणि पुढे उल्हासनगरची वस्ती यांच्या अंगाने कल्याणकडे जाते. कल्याण हे सातवाहनकाळापासूनचे बंदर असून, इसवी सनाच्या पहिल्या शतकातील ‘पेरिप्लस’ या ग्रीक भाषेतील व्यापारी मार्गदर्शिकेत त्याचा उल्लेख येतो आणि कान्हेरीच्या लेण्यांतील दानलेखांत कल्याणच्या रहिवाशांची नावे आढळतात. या बंदरात उतरलेला माल मुरबाडमार्गे नाणेघाट चढून जुन्नरकडे, अथवा उल्हासच्या खोऱ्यातून बोरघाट चढून मावळात आणि पुढे देशावर जात असे. घाटाच्या पायथ्याशी पाणी, सावली आणि रात्रीचा आसरा लागतोच. कर्जतजवळच्या कोंडाणे लेण्यांसारखी बौद्ध लेणी अशा वाटांच्या कडेला कोरली गेली, ती केवळ भिक्षूंच्या एकांतासाठी नव्हे, असे अभ्यासकांनी दाखवून दिले आहे. पुढील शतकांत बैलांच्या पाठीवर धान्याच्या आणि मिठाच्या गोणी लादून चालणाऱ्या लमाणांच्या तांड्यांनी हीच मजल-दरमजल रीत चालवली. तांडा म्हणजे माल, गुरे आणि कुटुंब यांसह चालणारे अख्खे गाव. त्यातील स्त्री-पुरुषांना घर आणि प्रवास असा भेदच माहीत नव्हता.

याच वाटांच्या पट्ट्यात, वालधुनीच्या काठी, अंबरनाथचे शिवमंदिर उभे आहे. उत्तर कोकणच्या शिलाहारांनी, म्हणजे स्थानक ऊर्फ ठाणे येथून राज्य करणाऱ्या मांडलिक राजघराण्याने, ते बांधवले; मंदिरातील शिलालेखात शके ९८२, म्हणजे इ. स. १०६०, हा काळ दिलेला असून, छित्तराजाच्या कारकिर्दीत आरंभलेले काम त्याचा भाऊ मुम्मुणी याच्या काळात पूर्ण झाले असे अभ्यासक मानतात. काळ्या पाषाणाच्या या वास्तूची मांडणी एका कोपऱ्यातून एकमेकांना भिडवलेल्या दोन चौरसांसारखी आहे आणि त्या चौरसांच्या भिंती इतक्या खाचांनी आत-बाहेर झालेल्या आहेत की सपाट भिंत अशी नजरेस पडतच नाही, प्रत्येक वळणावर एखादी देवता, सुरसुंदरी किंवा नक्षीचा थर समोर येतो. शिखर ‘भूमिज’ पद्धतीचे होते. या पद्धतीत चारही बाजूंनी वर जाणारे उभे पट्टे असतात आणि त्यांच्यामधील जागेत लहान-लहान शिखरांच्या ओळी एकावर एक रचलेल्या असतात. आज त्या शिखराचा वरचा भाग अस्तित्वात नाही. पश्चिमाभिमुख मुखमंडपातून सभामंडपात आल्यावर चार कोरीव खांबांवर पेललेले घुमटाकार छत दिसते, आणि तेथून पुढे मात्र भाविकाला वर चढण्याऐवजी खाली उतरावे लागते, कारण गाभारा सभामंडपापेक्षा बराच खोल असून पायऱ्या उतरूनच शिवलिंगापर्यंत पोहोचता येते. दिवसाउजेडी या पायऱ्या उतरताना डोळ्यांना अंधाराची सवय होईपर्यंत क्षणभर थांबावेच लागते, आणि मग वर पाहिले असता उघड्या माथ्यातून आलेला उजेड लिंगावर पडलेला दिसतो.

असे देऊळ आठशे वर्षे येथे होते, त्याची पूजाअर्चा आणि महाशिवरात्रीची जत्रा चालू होती, पंचक्रोशीतील आगरी, कुणबी आणि ठाकूर लोक तेथे येत होते. पण ‘पाहण्याचे ठिकाण’ म्हणून ते कोणाच्या यादीत नव्हते. भाविक देवाला भेटावयास येतो, भिंतीवरची शिल्पे पाहावयास येत नाही. शिल्पांसाठी वाट वाकडी करणारा प्रवासी हा निराळाच प्राणी असून त्याचा उदय या खोऱ्यात एकोणिसाव्या शतकात झाला. त्याचे पहिले वाहन होते इंग्रज अधिकाऱ्याचा दौरा.

दौरा या संस्थेची थोडी तपशिलात ओळख करून घेणे इष्ट आहे, कारण चाकांवरच्या घराचा आपल्याकडील खरा पूर्वज तोच होय. मुंबई इलाख्यातील कलेक्टर आणि त्यांचे सहायक यांनी पावसाळा संपल्यावर आपल्या हद्दीत फिरून जमाबंदी, पिकांची पाहणी आणि तक्रारींचे निवारण करावे असा दंडक होता, आणि म्हणून थंडीच्या सुरुवातीपासून उन्हाळ्यापर्यंतचे कित्येक महिने साहेबाचे घर, कचेरी आणि न्यायासन तंबूतच असे. तंबूंचे दोन जोड बाळगण्याची रीत होती: एका जोडात साहेब मुक्कामाला असताना दुसरा जोड बैलगाड्यांवरून पुढच्या मुक्कामी रवाना होई, म्हणजे सकाळी घोड्यावरून मजल मारून साहेब पोहोचेपर्यंत तेथे राहुट्या उभ्या, चूल पेटलेली आणि टेबल मांडलेले असे. बाडबिस्तऱ्यात पलंग, न्हाणीचे टब, दप्तराच्या पेट्या, कोंबड्यांचे खुराडे आणि दारूच्या बाटल्यांची खोकी यांचा समावेश असे, आणि खानसामा, भिस्ती, पट्टेवाले व कारकून यांचा लवाजमा मागून चालत येई. या सुखसोयींची किंमत कोणी मोजली हेही सांगितले पाहिजे. गाड्या, बैल, सरपण आणि ओझी वाहणारी माणसे ही बहुधा गावावर लादलेल्या वेठबिगारीतून, म्हणजे बिनमोबदला किंवा नाममात्र मोबदल्यात सक्तीने घेतलेल्या श्रमातून येत, आणि ठाणे जिल्ह्यात तो भार गावकामगार महार आणि डोंगरातील कातकरी-ठाकूर यांच्यावर सर्वांत जास्त पडे. दौऱ्याच्या इंग्रजी वर्णनांत निसर्गशोभा भरपूर असते; ओझे वाहणाऱ्याचे नाव सहसा नसते.

तळ पडला की संध्याकाळ मोकळी असे आणि मोकळ्या संध्याकाळी जुनी देवळे, लेणी आणि किल्ले पाहणे ही अधिकाऱ्यांची करमणूक होती. अशा भ्रमंतीतूनच एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास अंबरनाथच्या देवळाची वार्ता मुंबईच्या विद्वत्सभांपर्यंत पोहोचली. त्याच सुमारास रेल्वेचे आगमन झाले. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदर ते ठाणे अशी पहिली गाडी धावली, १ मे १८५४ पासून ती कल्याणपर्यंत आली आणि १८५६ मध्ये कल्याणहून खोपोलीपर्यंतचा मार्ग उल्हासच्या खोऱ्यातून खुला झाला; १८६३ मध्ये बोरघाटाचा चढ पूर्ण झाल्यावर मुंबई आणि पुणे जोडले गेले. ज्या देवळाकडे जाण्यासाठी पूर्वी खाडी, घोडा आणि तंबू लागत, ते मुंबईहून काही तासांच्या अंतरावर आले.

याचा पहिला ठळक परिणाम १८६८ मध्ये दिसला. मुंबई सरकारने त्या वर्षी अंबरनाथच्या मंदिराची पद्धतशीर पाहणी करण्याचे ठरवले आणि हे काम मुंबईच्या सर जमशेटजी जिजीभॉय कलाशाळेकडे सोपवले. शाळेतील टेरी यांच्या देखरेखीखाली आरेखक, साचे घेणारे कारागीर आणि छायाचित्रकार यांनी मंदिराचे नकाशे, मोजमापे, छायाचित्रे आणि शिल्पांचे साचे तयार केले. साचा घेणे म्हणजे मूळ शिल्पावर ओला लगदा किंवा प्लास्टर दाबून त्याचा उलटा ठसा काढणे आणि त्या ठशातून शिल्पाची प्रतिकृती ओतणे. ही सामग्री पुढे १८७४ मध्ये ‘इंडियन अँटिक्वरी’ या नियतकालिकात वर्णनासह प्रसिद्ध झाली. याच कलाशाळेच्या विद्यार्थ्यांनी तेथील शिक्षक ग्रिफिथ्स यांच्या मार्गदर्शनाखाली अजिंठ्याच्या चित्रांच्या नकला करण्यास १८७२ मध्ये आरंभ केला, हे लक्षात घेतले असता अंबरनाथ ही अजिंठ्याची रंगीत तालीम होती असे म्हणावयास हरकत नाही. भारतीय कलेच्या इतिहासलेखनात अजिंठ्याला जे मानाचे पान मिळाले त्याच्या समासातही अंबरनाथचा उल्लेख क्वचितच येतो, ही उपेक्षा समर्थनीय वाटत नाही.

शिलालेखाची कथाही येथे नोंदवण्यासारखी आहे. उत्तरेकडील दाराच्या आतल्या बाजूच्या तुळईवर कोरलेला हा लेख प्रथम डॉ. भाऊ दाजी लाड यांनी वाचला आणि त्यातील शकवर्ष ७८२ असे लावले, म्हणजे मंदिराचा काळ इ. स. ८६० ठरला, नंतर त्यांचेच साहाय्यक पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी तो लेख पुन्हा तपासून पहिला अंक ७ नसून ९ आहे असे दाखवले आणि मंदिर दोनशे वर्षांनी अलीकडे आले. झिजलेल्या दगडावरील एका अंकाच्या वळणावरून राजाचे नाव, घराण्याची वंशावळ आणि शिल्पशैलीचा क्रम यांचा मेळ बसला. दोघेही मुंबईत राहणारे, दोघांपैकी कोणाजवळही सरकारी तंबू नव्हता. अशा संशोधकांना एक लेख पुन्हा-पुन्हा प्रत्यक्ष पाहता येणे रेल्वेमुळे किती सुकर झाले असेल याची कल्पना करता येते. १८८२ मध्ये जेम्स कॅम्बेल यांनी संपादित केलेल्या ठाणे जिल्ह्याच्या गॅझेटियरमध्ये, म्हणजे जिल्ह्याच्या माहितीच्या सरकारी कोशात, अंबरनाथला स्वतंत्र आणि विस्तृत नोंद मिळाली. भाविकांचे देऊळ अशा रीतीने अधिकृतपणे ‘प्रेक्षणीय स्थळ’ झाले.

तरीही गर्दी अंबरनाथला उतरली नाही. ती पुढे नेरळला उतरली. ठाण्याचे कलेक्टर ह्यू मॅलेट यांनी १८५० मध्ये माथेरानच्या पठाराचा शोध लावल्यापासून मुंबईच्या श्रीमंतांना थंड हवेची ओढ लागलेली होती, आणि १९०७ मध्ये पीरभॉय कुटुंबाच्या खर्चाने नेरळ–माथेरान ही अरुंद मापाची गाडी सुरू झाल्यावर वाटेतील मंदिर हे गाडीच्या खिडकीतूनही न दिसणारे ठिकाण होऊन बसले. रेल्वेचे हेच वैशिष्ट्य होते: ती जवळ आणते, पण स्वतःच्या वेळापत्रकाबाहेर कोणाला थांबू देत नाही. त्या काळी बडे रेल्वे अधिकारी मात्र ‘सलून’ नावाच्या डब्यात, म्हणजे शय्यागृह, स्वयंपाकघर आणि नोकरांची खोली असलेल्या खास डब्यात, फिरत आणि मनास येईल त्या स्थानकावर तो डबा बाजूच्या रुळावर काढून ठेवून मुक्काम करीत. सामान्य उतारूस ही चैन उपलब्ध नव्हती.

मोटारींचा हमरस्ता तर या खोऱ्यात दीर्घकाळ आलाच नाही. १८३० मध्ये गव्हर्नर जॉन माल्कम यांच्या कारकिर्दीत बोरघाटातून जी गाडीवाट खुली झाली ती पनवेलहून जात होती. पुढे मुंबई–पुणे हमरस्ता आणि २००२ मध्ये पूर्ण झालेला द्रुतगती मार्ग यांनीही पनवेलचीच वाट धरली, आणि आग्रा रस्ता भिवंडी-शहापूरमार्गे थळघाटाकडे वळला. दोन महामार्गांच्या बेचक्यात सापडलेले हे खोरे मोटारवाल्या सहलकऱ्याच्या दृष्टीने अस्तित्वातच नव्हते. अमेरिकेतील स्थिती याच्या नेमकी उलट होती. १९२६ मध्ये आखलेला ‘रूट ६६’ हा महामार्ग शिकागोहून वाळवंटी प्रदेशांतून कॅलिफोर्नियापर्यंत गेला आणि शेकडो मैलांच्या रित्या रस्त्यावर मोटारवाल्याने आपल्याच पेट्रोलपंपाशी वा खाणावळीशी थांबावे म्हणून तेथील धंदेवाल्यांनी नाना क्लृप्त्या लढवल्या. कॅलिफोर्नियातील कॅबझोनचे सिमेंटचे महाकाय डायनासोर हे अशाच एका उपाहारगृहाकडे गिऱ्हाईक ओढण्यासाठी बांधले गेले. ॲरिझोनाच्या वाळवंटात नवे गाव वसवणाऱ्या रॉबर्ट मॅकुलॉक या उद्योजकाने तर १९६८ मध्ये लंडनचा जुना पूल विकत घेऊन दगड-दगड सुटा करून आणवला आणि १९७१ मध्ये लेक हवासू सिटी येथे तो पुन्हा उभा केला. रस्ता आधी आणि नवल नंतर, असा तेथील क्रम आहे. उल्हासच्या खोऱ्यात नवल आधीपासून होते, रस्ता तेवढा नव्हता.

विसाव्या शतकात रेल्वेच्या आधाराने येथे कारखाने आले. काड्यापेट्या बनवणारी वेस्टर्न इंडिया मॅच कंपनी, जिला सर्वजण ‘विमको’ म्हणत, १९२३ मध्ये स्थापन होऊन अंबरनाथमध्ये तिचा कारखाना सुरू झाला, आणि स्वातंत्र्यानंतर संरक्षण खात्याचे कारखाने आले. वाफेच्या इंजिनांना पाणी मिळावे म्हणून ग्रेट इंडियन पेनिन्शुला रेल्वेने काकोळे येथे बांधलेला तलाव ‘जीआयपी टँक’ या नावाने आजही ओळखला जातो आणि पावसाळ्यात सहलीची जागा ठरतो. म्हणजे इंजिनाची तहान भागवण्यासाठी बांधलेली गोष्ट इंजिन गेल्यावर प्रेक्षणीय झाली.

वाळवंट आणि हे खोरे यांचा खरा संबंध मात्र १९४७ नंतर आला, आणि तो सहलीचा नव्हता. दुसऱ्या महायुद्धात कल्याणनजीकच्या माळावर लष्कराने एक विस्तीर्ण संक्रमण-छावणी उभारली होती; संक्रमण-छावणी म्हणजे आघाडीवर जाणाऱ्या अथवा तेथून परतणाऱ्या सैनिकांना थोडे दिवस ठेवण्याची जागा. युद्ध संपले, सैनिक गेले आणि लांबच लांब बराकी रिकाम्या पडल्या. १८४७ पासून १ एप्रिल १९३६ पर्यंत सिंध हा मुंबई इलाख्याचाच भाग होता, त्यामुळे फाळणीनंतर सिंधमधील हिंदूंनी मुंबईची वाट धरणे स्वाभाविक होते. ६ जानेवारी १९४८ रोजी कराचीत झालेल्या दंगलीनंतर या स्थलांतराचा वेग फार वाढला. पुष्कळजण कराचीहून बोटीने मुंबईच्या किंवा काठेवाडच्या बंदरांत उतरले. इतर अनेकांनी हैदराबाद-सिंधहून मीरपूरखास, खोखरापार आणि मुनाबाव या मार्गाने थरचे वाळवंट ओलांडणाऱ्या, जोधपूर संस्थानाच्या रेल्वेने बांधलेल्या मीटरमापी लोहमार्गावरून मारवाड गाठले आणि तेथून टप्प्याटप्प्याने ते दक्षिणेकडे आले.

वाळवंटी प्रवास या समाजाला अपरिचित नव्हता. शिकारपूरचे सावकार अठराव्या आणि एकोणिसाव्या शतकांत उंटांच्या काफिल्यांबरोबर बोलन खिंडीतून कंदाहार आणि पुढे बुखाऱ्यापर्यंत जात, आणि त्यांच्या हुंड्या, म्हणजे एका गावी पैसे भरून दुसऱ्या गावी उचलण्याचे कागद, मध्य आशियाच्या बाजारांत वटत असत. काफिल्यात सामान सोडण्या-बांधण्याची, थोड्या पाण्यावर भागवण्याची आणि परक्या गावात पाय रोवण्याची जी विद्या त्यांनी मिळवली होती ती काफिला संपल्यावर उपयोगी पडली असे म्हणणे वावगे ठरणार नाही. फरक एवढाच की काफिल्याला परतीची वाट असते.

सुमारे ९४ हजार निर्वासित कल्याणच्या या छावणीच्या पाच भागांत राहिले. बराकीतील मोठ्या दालनात अनेक कुटुंबे एकत्र राहत आणि दोन बिऱ्हाडांमधील भिंत म्हणून गोणपाटाचा किंवा जुन्या लुगड्याचा पडदा दोरीवर टांगलेला असे. पडद्याच्या अलीकडे पापड लाटले जात, पलीकडे कोणी आजारी असे, आणि शाळेत जाणारी मुले अभ्यासासाठी व्हरांड्याचा आधार घेत. पुरुष आणि मुले लोकलगाड्यांतून गोळ्या-बिस्किटे, कापडाचे तुकडे आणि घरी केलेले खाद्यपदार्थ विकत फिरू लागली. ८ ऑगस्ट १९४९ रोजी गव्हर्नर जनरल चक्रवर्ती राजगोपालाचारी यांच्या हस्ते नव्या नगराची कोनशिला बसवली गेली आणि नदीवरून त्याला उल्हासनगर हे नाव मिळाले; १९६० मध्ये नगरपालिका आणि १९९६ मध्ये महानगरपालिका झाली. तरीही आजचा रहिवासी पत्ता सांगताना ‘कॅम्प तीन’ किंवा ‘कॅम्प पाच’ असेच सांगतो. थोडे दिवस थांबण्यासाठी आखलेला तळ कायमचे शहर होतो आणि शहराच्या पत्त्यातून तळ जात नाही, याचे इतके स्पष्ट उदाहरण महाराष्ट्रात दुसरे सापडणे कठीण.

या शहराने पुढे स्वतःची प्रेक्षणीय स्थळे घडवली, पण ती गॅझेटियरच्या पठडीतील नव्हेत. कॅम्प दोनचा जपानी बाजार आणि फर्निचर बाजार, कॅम्प पाचचा जीन्सचा धंदा यांनी लग्नसराईच्या खरेदीसाठी कर्जत-कसाऱ्यापासूनची कुटुंबे वर्षानुवर्षे ओढली. ‘मेड इन यूएसए’ या शिक्क्याचा अर्थ ‘उल्हासनगर सिंधी असोसिएशन’ असा लावणारा विनोद मुंबईत कोणालाही ठाऊक आहे, आणि त्यात हेटाळणीइतकेच कौतुकही आहे. सिंधी समाजाचे आराध्य दैवत झुलेलाल याच्या उपासनेतील चालिहो, म्हणजे श्रावणाच्या सुमारास पाळले जाणारे चाळीस दिवसांचे व्रत, या काळात येथील चालिया मंदिरात दूरदूरचे सिंधी भाविक येतात. सिंधमधून आणलेली ज्योत तेथे अखंड तेवत आहे अशी त्यांची श्रद्धा आहे. शहाड येथे सेंच्युरी रेयॉनच्या कारखान्याच्या शेजारी बिर्ला कुटुंबाने बांधलेले विठ्ठलमंदिर आषाढी-कार्तिकीला असेच गजबजते. गोणपाटाच्या पडद्यामागे संसार मांडणाऱ्यांची एकही मूळ बराक स्मारक म्हणून मुद्दाम राखली गेली असती, तर ती या सर्वांहून अधिक बोलकी ठरली असती. पण जागेच्या चणचणीत बराकींवर मजले चढले आणि त्यातून ‘ब्लॉक’ व ‘बराक’ हे शब्द तेवढे घरांच्या क्रमांकांत उरले.

मराठी मध्यमवर्गाने चाकांवरच्या घराची स्वतःची आवृत्ती स्वातंत्र्यानंतरच्या याच दशकांत सिद्ध केली, ती म्हणजे यात्रा कंपनीची बस. आचारी, त्याचे मदतनीस, पातेली, शेगड्या आणि शिध्याची पोती बसबरोबरच निघत, रात्री धर्मशाळेच्या अंगणात चूल लागे आणि द्वारका, पुष्कर किंवा जैसलमेर येथेही पोळी, वरणभात आणि आमटी यांत खंड पडत नसे. बदलापूर-डोंबिवलीचा निवृत्त कारकून राजस्थानची वाळू पाहून आला तो बहुधा असाच. प्रदेश परका चालेल पण ताट परके नको, हा या प्रवासप्रकाराचा पाया होता. त्या बसमध्ये झोपण्याची सोय नसे, पण घर ज्यामुळे घर होते ती चूल बरोबर असे, आणि म्हणून इंग्रजांच्या दौऱ्याशी तिचे नाते अमेरिकन वाहनापेक्षा जवळचे आहे; सुदैवाने वेठबिगारीवाचून.

बदलापूर या सर्व काळात उशिरा जागे झालेले गाव होय. १९७० च्या दशकात औद्योगिक विकास महामंडळाने बांधलेले बारवी धरण, कोंडेश्वरचे देऊळ व तेथील धबधबा आणि चंदेरीचा सुळका यांमुळे पावसाळी सहलींची गर्दी तिकडे वळली. पुढच्याच वांगणी स्थानकाला निराळीच प्रसिद्धी लाभली. हॅलेच्या धूमकेतूच्या १९८५–८६ मधील आगमनाच्या सुमारास स्थापन झालेल्या मुंबईच्या खगोल मंडळाने वांगणीला रात्रभराचे आकाशदर्शनाचे कार्यक्रम भरवण्यास सुरुवात केली, कारण लोकलने पोहोचता येईल आणि तरीही तारे दिसतील इतका अंधार शिल्लक असलेले ते सोयीचे ठिकाण होते. संध्याकाळच्या गाडीने सतरंज्या, डबे आणि दुर्बिणी घेऊन येणारा हा जथा पहिल्या लोकलने परत जाई; पाहण्याची वस्तू म्हणजे निव्वळ काळोख, आणि बदलापूरच्या इमारती जसजशा पुढे सरकल्या तसतशी ती वस्तू आटत गेली.

महाराष्ट्र शासनाने २०२१ मध्ये कॅरव्हॅन पर्यटन धोरण जाहीर केले. त्यात शय्या, छोटे स्वयंपाकघर आणि स्वच्छतागृह असलेली वाहने आणि अशा वाहनांना पाणी, वीज व सांडपाण्याची सोय देणारे ‘कॅरव्हॅन पार्क’ या दोहोंचा विचार केलेला आहे. कागदावर पाहता ही दौऱ्यातील तळाच्या जागेचीच नवी व्यवस्था आहे, केवळ वेठीच्या जागी भाडे आले आहे. याच काळात वडोदरा–मुंबई द्रुतगती महामार्गाची न्हावाशेवा बंदराकडे जाणारी शाखा बदलापूरजवळून आखली जाऊन माथेरानच्या डोंगररांगेखालून बोगदा खणला गेला, म्हणजे जवळजवळ दोन शतके पनवेलने अडवलेला महामार्ग अखेर उल्हासच्या खोऱ्यात आला. परंतु हा रस्ता प्रवेश-नियंत्रित आहे. अशा रस्त्यावर ठरावीक फाट्यांवाचून चढता-उतरता येत नाही आणि कडेला गाडी लावून कोणते देऊळ दिसते ते पाहण्याची मुभा नसते. अंबरनाथचे शिवमंदिर स्थानकाच्या पूर्वेस सुमारे दोन किलोमीटरवर, दाट वस्तीत आहे, आणि महाशिवरात्रीला तेथील रस्ते वाहनांना बंद ठेवावे लागतात. त्यामुळे चाकांवरचे घर घेऊन येणाऱ्याला ते बदलापूरपलीकडे कोठे तरी उभे करून पुढचा प्रवास लोकलने आणि रिक्षानेच करावा लागेल.